मामा दिसला की हेल्मेट डोक्यावर : आपल्या महामार्गावरच्या एका सवयीविषयी

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षे मी एरंडोल ते जळगाव असा रोजचा प्रवास दुचाकीने करतो. या रस्त्याची वळणे आणि गतिरोधक जसे पाठ झाले, तशीच माणसांची एक सवयही आता पाठ झाली आहे. पाळधी मागे पडते, बांभोरीजवळ गिरणेचा पूल जवळ येतो आणि पुढच्या गाड्यांवरचे हात हलू लागतात. तोवर आरशाला टांगलेले, कोपरात अडकवलेले किंवा टाकीवर पालथे घातलेले हेल्मेट डोक्यावर चढते, कान आणि खांदा यांच्यात दाबलेला मोबाईल खिशात जातो, मधोमध चालणारी गाडी शहाण्यासारखी डाव्या कडेला येते. शहराच्या हद्दीतला पोलिसांचा नेहमीचा तपासणीचा पॉइंट ओलांडला की तेच हेल्मेट पुन्हा टाकीवर येऊन बसते. तीसेक किलोमीटरच्या प्रवासात ते डोक्यावर जेमतेम दोन-तीन किलोमीटर राहते.

मागच्या महिन्यात पुलाच्या अलीकडेच माझे मागचे चाक बसले आणि पंक्चरवाल्याच्या पत्र्याच्या टपरीसमोर अर्धा तास काढावा लागला. टपरीच्या पुढे त्या दिवशी नाकाबंदी होती. एक दूधवाला आला, गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. त्याने गाडी न थांबवता डाव्या हाताने हेल्मेट चढवले आणि ते घाईत उलटे बसले. काच मागे गेली आणि डोळ्यांसमोर हेल्मेटची मागची बाजू आली. गाडी चालूच होती, कॅन हिंदकळत होते आणि हा गृहस्थ एका हाताने ते डोक्यावर फिरवून सरळ करत होता. त्या अर्ध्या तासात हनुवटीखालचा पट्टा लावणारा मला एकही दिसला नाही. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता म्हणाला, “साहेब, मी कधी रस्त्यावर जाऊन पाहत नाही. माझ्या दुकानासमोर लोक हेल्मेट घालायला लागले की समजायचं, पुढे मामा उभा शे.”

माझा प्रश्न असा आहे की पोलीस दिसल्यावर आपण जे बदलतो ते नेमके कशाच्या भीतीने बदलतो, आणि तो बदल पॉइंटच्या पुढे शंभर पावलेही का टिकत नाही? आपल्या लोकांना शिस्त नाही, एवढेच उत्तर कृपया देऊ नये. ते मीही अकरा वर्षे देत आलो आहे आणि त्यातून काही हाती लागलेले नाही.

भुसावळचा_उन्हाळा

गिरणाकाठ भाऊ, निरीक्षण अचूक आहे, परंतु आपण उन्हाचा उल्लेखही केला नाही याचे आश्चर्य वाटले. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या वेळी ओले उपरणे डोक्याला गुंडाळून निघालेला माणूस जिवाला जपतच असतो, फक्त तो अपघाताऐवजी उष्माघाताला भीत असतो. दुपारी हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरू लागला की समोरचे दिसणेही कठीण होते. अर्थात डिसेंबरच्या थंडीतही आमच्या रस्त्यावरचे चित्र फारसे वेगळे नसते, हेही कबूल केले पाहिजे. त्यामुळे ऊन हे कारण अर्धे खरे आहे आणि अर्धे सोयीचे.

शिरपूरचा_विद्यार्थी

मी या विषयावर उपदेश करण्याच्या लायकीचा नाही, कारण मी स्वतः पळालेल्यांपैकी आहे. आमच्या मित्रमंडळींचा मोबाईलवर एक गट आहे. त्यात सकाळी कोणीतरी “चौकात मामा शे, गल्लीतून ये” असा निरोप टाकतो आणि सगळे त्याप्रमाणे रस्ता बदलतात. एकदा तो निरोप उशिरा आला. मी आग्रा रोडवर होतो, साधारण दीडशे पावलांवर खाकी गणवेश दिसला, आणि विचार करण्याआधीच माझी गाडी वळली होती. दुभाजकाच्या तुटक्या भागातून मी पलीकडे गेलो, तिथून उलट दिशेने निघालो आणि समोरून केळीचे घड भरलेली छोटी मालगाडी आली. तिच्या चालकाने ब्रेक दाबल्याने मी वाचलो. तो खाली उतरून मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण एकूण योग्यच होते.

मी का पळालो, तर परवाना घरी राहिला होता. हेल्मेट डोक्यावर होते, विमा चालू होता, गाडी वडिलांच्या नावावर होती, सारे काही व्यवस्थित होते. तो परवाना माझ्या मोबाईलमध्ये डिजिलॉकरवर होता आणि तो दाखवला तरी चालतो, हे मला दोन दिवसांनी वडिलांनी सांगितले. म्हणजे ज्या दंडासाठी मी जीव धोक्यात घातला तो दंड मला होणारच नव्हता. तरीही खरे सांगायचे तर त्या क्षणी मला पैशांची भीती वाटली नव्हती. भर चौकात गाडी बाजूला घ्यावी लागेल, ओळखीचे कोणी पाहील आणि घरी फोन जाईल, ही भीती होती.

निवृत्त_हवालदार_धुळे

माझ्या नोकरीतील बरीच वर्षे वाहतूक शाखेत, पॉइंटवर उभे राहण्यात गेली. त्यामुळे हा धागा मी दुसऱ्या बाजूने वाचत आहे.

आपल्याला वाटते की आपण गुपचूप हेल्मेट घातले आणि सुटलो. वास्तविक उभ्या माणसाला शंभर पावलांवरूनच कळते. सरळ येणारा गाडीवाला रस्त्याकडे पाहतो आणि ज्याच्याकडे काही कमी आहे तो आमच्याकडे पाहतो, एवढी एकच खूण मला निवृत्तीपर्यंत पुरली. त्यानंतर उजवी मूठ सैल होते, गाडी उगाच हळू होते, एक पाय जमिनीकडे येतो आणि मान आजूबाजूची गल्ली शोधू लागते. ट्रिपल सीट येणाऱ्यांची पद्धत तर मला पाठ होती. चौकाच्या अलीकडे तिसरा उतरतो, खिशात हात घालून, वर्तमानपत्र घ्यायला निघाल्यासारखा आमच्या समोरून पायी जातो आणि पलीकडच्या कोपऱ्यावर त्याच गाडीवर पुन्हा बसतो. एकदा अशा एका पायी जाणाऱ्या मुलाला मी फक्त नमस्कार केला. तो इतका गोंधळला की परत मागे जाऊ लागला.

मोबाईलवर छायाचित्र काढून चलान पाठवण्याची पद्धत आल्यावर सवयींची दिशा बदलली. पूर्वी लोक तोंड चुकवत, आता क्रमांकाची पाटी चुकवतात. मागे बसलेला पाटीवर पाय लांबवतो, बहिणीची ओढणी नेमकी पाटीवरच लोंबते, लिंबू-मिरची मधल्या आकड्यावर बांधलेली असते, आणि काहींच्या पाट्या तर आकाशाकडे वळवलेल्या असतात, जणू दंडाची नोटीस विमानातून येणार आहे.

पळणाऱ्याविषयी एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडी वळवून पळणाऱ्याच्या मागे धावायचे नाही आणि चालत्या गाडीपुढे उडी घ्यायची नाही, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगत असे. पाचशे रुपयांच्या पावतीसाठी आपला किंवा त्याचा पाय मोडून घेण्यात काही अर्थ नाही. सर्वांनी ते पाळले असे मी म्हणणार नाही. काठी आडवी धरणारे, हँडलला हात घालणारे सहकारी मी पाहिले आहेत आणि त्यामुळे पडलेली गाडीही पाहिली आहे. तेव्हा शिरपूरच्या चिरंजीवाने जी भीती सांगितली तिच्यात आमचाही वाटा आहे, हे मान्य करतो.

कोर्टाची_पायरी

भीतीच्या चर्चेत कायदा नेमका काय म्हणतो हे समोर असावे, म्हणून थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकी चालवणाऱ्यावर आणि मागे बसणाऱ्यावर, चार वर्षांवरील मुलांसह, मानकानुसार बनवलेले हेल्मेट घालण्याचे बंधन आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. हेल्मेट “घालणे” म्हणजे पट्टा बांधून डोक्यावर घट्ट बसवणे, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. त्यामुळे गिरणाकाठ यांनी टपरीसमोर पाहिलेल्यांपैकी एकानेही कायद्याच्या दृष्टीने हेल्मेट घातलेले नव्हते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ड मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवान्याची अपात्रता आहे. आपल्या राज्यात तडजोडीची, म्हणजे खटल्याऐवजी भरायची, रक्कम ५०० रुपये आहे. कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवण्याची मुभा केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३९ मध्ये आहे.

आपल्याकडच्या घरांत सर्वांत कमी माहीत असलेले कलम १९९अ आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दहावीच्या मुलाला क्लाससाठी गाडी देताना “फक्त चौकातून जाऊ नकोस, तिथे पोलीस असतात” असे बजावणारे वडील मी पाहिले आहेत. गाडी चालवू नकोस असे मात्र त्यांपैकी कोणी सांगत नाही.

फैजपूरची_सूनबाई

कोर्टाची पायरी यांनी मागे बसणाऱ्यांचा उल्लेख केला, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. आमच्या यावल-फैजपूर-सावदा पट्ट्यात तुम्हाला एक दृश्य रोज दिसेल. पुरुष हेल्मेट घालून गाडी चालवतो आहे, मागे पत्नी डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला पाय सोडून बसली आहे, आणि तिच्या मांडीवर लेकरू आहे. हेल्मेट घरात एकच असते आणि ते चालवणाऱ्याचे असते, कारण पोलीस चालवणाऱ्याला अडवतात. धोका म्हणून हेल्मेट घेतले असते तर ते आधी मागे बसणारीला मिळाले असते, कारण पकडायला तिच्या हातात काहीच नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. ही माणसे कोणत्याही पॉइंटवर कोणाला दिसलेली नसतात.

माझा स्वतःचा प्रसंग असा की मी स्कूटीवरून संध्याकाळी घरी येत होते. पुढे एक तरुण जोडपे चांगल्या वेगाने चालले होते. वळणावर पोलिसांची गाडी दिसताच त्या मुलाने जागच्या जागी ब्रेक मारला आणि दोन्ही हात हँडलवरून उचलून हेल्मेटकडे नेले. मी मागून धडकले. माझ्या मनगटाला मार बसला, स्कूटीचा पुढचा पत्रा फुटला. पोलीस धावत आले, त्यांनीच मला उचलले, पाणी दिले. तो मुलगा मात्र त्यांना पुन्हा पुन्हा एवढेच सांगत होता की “साहेब, हेल्मेट आहे माझ्याकडे.” ते खरेच होते. हेल्मेट त्याच्या हातात होते.

गॅरेजवाला_अमळनेर

ताईंच्या प्रसंगात काय घडले ते मी यंत्राच्या भाषेत सांगतो. ५० किलोमीटरच्या वेगाने चालणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे हात हेल्मेटकडे गेला तो एक सेकंद गाडी १४ मीटर आंधळी आणि बिनब्रेकची चालली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, आणि त्याखालच्यांना कॉम्बी ब्रेक, म्हणजे एक दाबला तरी दोन्ही चाकांना लागणारा ब्रेक, सक्तीचा झाला. आपल्याकडे मात्र शेतावर आणि कामावर जाणाऱ्या बहुसंख्य गाड्या त्याआधीच्या, साध्या ड्रम ब्रेकच्या आहेत. घाबरलेला माणूस सगळे वजन मागच्या ब्रेकवर देतो, चौकाच्या कडेला वाळू असतेच, चाक जाम होते आणि गाडी आडवी होते. पोलिसांना पाहून पडलेल्या गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात. विचारले तर प्रत्येकजण कुत्रे आडवे आले असे सांगतो. इतकी कुत्री आमच्या तालुक्यात नाहीत.

सायलेन्सरची गोष्ट वेगळी. फटाके फोडणारा सायलेन्सर लावलेली पोरे चौकाच्या अलीकडे इंजिन बंद करतात आणि उतारावरून आल्यासारखी गाडी तशीच घरंगळत पॉइंटसमोरून नेतात. कारवाईची मोहीम सुरू झाली की तीच पोरे जुना सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून आणतात आणि “काका, पंधरा दिवसांपुरता बसवा” म्हणतात. मी दोन्ही वेळा मजुरी घेतो, हा माझा दोष समजा.

तळोद्याचा_मास्तर

मला एक वेगळीच शंका आहे. आमच्याकडे तळोदा ते अक्कलकुवा किंवा वर धडगावच्या घाटात तुम्ही कितीही फिरा, दुचाकी तपासणारा पोलीस क्वचितच दिसेल. तिथे लोकांनी बदलायचे कोणासाठी? बाजाराच्या दिवशी एका गाडीवर चार माणसे आणि एक बोकड मी पाहिला आहे. शहरातल्या मंडळींना निदान पॉइंट तरी आहे.

अर्थशास्त्र_शिकवतो

मास्तरांची शंका आणि गिरणाकाठ यांचा मूळ प्रश्न हे एकाच गाठीचे दोन पदर आहेत, असे मला वाटते. माणूस दंडाच्या रकमेचा हिशोब करत नाही, पकडले जाण्याच्या शक्यतेचा करतो. पॉइंट कुठे आहे हे पक्के ठाऊक असेल तर पॉइंटवर पकडले जाण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के आणि इतरत्र शून्य अशी सरळ विभागणी होते. अशा वेळी फक्त पॉइंटवर हेल्मेट घालणे हे बेशिस्तीपेक्षा काटेकोर हिशोबाचे लक्षण ठरते. आपला दूधवाला अडाणी नाही, त्याचे गणित बरोबर आहे. फक्त त्या गणितात ट्रकचे चाक धरलेले नाही.

यावर आपल्याच देशात मोठा प्रयोग झाला आहे. राजस्थान पोलिसांसोबत अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यपान करून गाडी चालवणाऱ्यांविरुद्धच्या नाकाबंदीचा अभ्यास केला. त्या सहकाऱ्यांत पोलीस अधिकारी नीना सिंह याही होत्या. काही ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी दर वेळी एकाच, सर्वांत मोक्याच्या जागी लावली आणि काही ठिकाणी ती वेगवेगळ्या जागी फिरती ठेवली. फिरत्या नाकाबंदीच्या भागात रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे अपघाती मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. एकाच जागच्या नाकाबंदीने म्हणण्यासारखा काहीच फरक पडला नाही, कारण चालकांनी ती जागा लवकरच ओळखली आणि रस्ता बदलला. शिरपूरच्या विद्यार्थ्याच्या मित्रमंडळाचा गट नेमके हेच काम करतो.

तो प्रयोग मद्यपानाविषयी होता, हेल्मेटविषयी नव्हता, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पण दूधवाल्याचे गणित त्यातही तेच आहे.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

अर्थशास्त्र सर, हिशोबाची बाजू पटली. शिरपूरच्या मुलाने सांगितलेली लाज मात्र त्या हिशोबात बसत नाही, असे मला अजूनही वाटते. आमच्या गावात पोलिसाने अडवणे म्हणजे काहीतरी वाईट केले असणार, असे चारचौघे समजतात. पावती पाचशेची असली तरी “याला चौकात धरले होते” ही बातमी गावभर होते. म्हणून निर्दोष माणूसही पॉइंट पाहिला की आधी सावरून बसतो आणि खिसा चाचपतो. माझ्याकडे सगळे कागद असतात, हेल्मेटचा पट्टा मी घरातूनच लावून निघतो, आणि तरीही शिट्टी वाजली की माझा हात आपोआप मुठीवरून सैल होतो. अकरा वर्षांत हे गेलेले नाही.

हवालदार साहेबांना एक विचारायचे आहे. पॉइंट इतकी वर्षे एकाच जागी का असतो? फिरता ठेवला तर काय बिघडते?

निवृत्त_हवालदार_धुळे

आपण विचारलेत म्हणून प्रांजळपणे सांगतो. माणसे कमी असतात, अडवलेल्या गाड्या उभ्या करायला रुंद जागा लागते, वळणावर किंवा उतारावर गाडी अडवली तर मागून अपघात होतो, रात्री दिवा असलेली जागा पाहावी लागते. ही सगळी कारणे खरी आहेत आणि वरिष्ठांनी विचारल्यावर आम्ही हीच देत असू. पण उन्हाळ्यात आठ तास रस्त्यावर उभे राहणाऱ्या माणसाचे पहिले कारण सावली असते. वडाचे किंवा लिंबाचे झाड, त्याच्या बाजूला पाण्याचा माठ आणि चहाची टपरी असेल तिथे पॉइंट आपोआप ठरतो. भुसावळच्या भाऊंना जे ऊन लागते तेच आम्हालाही लागते.

आमचा असाच एक पॉइंट शहराबाहेर मोठ्या लिंबाखाली होता. रस्ता रुंद करताना ते झाड गेले. मग आम्ही कधी पुलाखाली, कधी पेट्रोल पंपाच्या भिंतीलगत, कधी अर्धा किलोमीटर पुढे बसस्थानकाच्या छपराखाली, मिळेल त्या सावलीला उभे राहू लागलो. त्यामागे कोणाचीही योजना नव्हती. पण त्या दिवसांत मी जे पाहिले ते आधी कधी पाहिले नव्हते. लोक गावातूनच हेल्मेट घालून येत आणि आम्हाला ओलांडून गेल्यावरही ते काढत नसत, कारण पुढच्या वळणावर आणखी कोणी उभे असेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. दूधवाले, पेपरवाले, कॉलेजची पोरे, सगळेच. साधारण तीन आठवडे हे चालले.

मग पुलाखाली एका माणसाने चहाची गाडी लावली. आम्ही तिथेच उभे राहू लागलो. चार दिवसांनी मी चहा घेत होतो, तेव्हा अलीकडून आलेल्या एका गाडीवाल्याने वेग कमी केला, मला न पाहता चहावाल्याला हाक मारली आणि विचारले, “आज मामा आहेत का?”